यादीतलं शेवटचं नाव

कोंडिबा जगदाळ्याची पोरगी हवाई दलात हेलिकॉप्टर चालवते, हे ठाऊक नसलेला माणूस वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात शोधायचा, तर त्याच सकाळी परगावाहून माल घेऊन आलेला एखादा ड्रायव्हर गाठावा लागला असता. तोही दुपारपर्यंत हाती लागला नसता, कारण तोवर कोंडिबाने त्याला गाठलेलं असायचं. छत्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माथाडी, त्यातली शेवटची अकरा वर्षं टोळीचा मुकादम. काम सुटून सहा वर्षं झाली तरी आठवड्यातून तीनदा कामोठ्याहून बस धरून तो बाजारात जायचा, टोळीबरोबर चहा प्यायचा आणि सुनयनाच्या गोष्टी सांगायचा. पुरात छपरावर बसलेली माणसं तिने कशी उचलली, डोंगरात ढग अंगावर आले तेव्हा मशीन कसं वळवलं. ऐकणाऱ्याला वाटावं, हा गडी मागच्या सीटवर बसून होता.

खरी गोष्ट अशी, की दहा वर्षांत त्याने पोरीला एकदाही उडताना पाहिलं नव्हतं.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. अकादमीतून बाहेर पडण्याच्या दिवशी तो आणि बायको वेणूबाई नव्या कपड्यांत पहिल्या रांगेत बसले होते. पण त्या दिवशी सुनयना जमिनीवर कवायत करत चालली आणि डोक्यावरून उडत गेली ती भलत्याचीच पोरं. नंतर एकदा दोघं तीन दिवसांचा प्रवास करून आसामात तिच्या तळावर गेले. पाच दिवस पावसाने उघडीप दिली नाही, आणि सहाव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा हे दोघे परतीच्या गाडीत बसलेले. तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं होतं, तारीख ठरली, तिकिटं निघाली, आणि कोंडिबाचा हर्निया अडकला. ऑपरेशन थिएटरात नेताना तो डॉक्टरांना म्हणत होता, शुक्रवारपर्यंत टाके निघतील अशा बेताने काय ते करा. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा भुलीच्या आधीच बरळतोय.

बाजारात मात्र यातलं त्याने अवाक्षर काढलं नाही. लोक विचारायचे, ‘आबा, वर जाताना भ्या नाय वाटत तिला?’ आणि हा ऐटीत सांगायचा, ‘भ्या कसलं? चेहऱ्यावर रेघ हलत न्हाई.’ कुठला चेहरा आणि कुठली रेघ. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हीच एक गोष्ट त्याला टोचायची. आता जवळचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून कामोठ्याच्या गच्चीवरून दिवसभर विमानं दिसत. सोसायटीतल्या लोकांना आवाजाचा त्रास व्हायचा. कोंडिबाला त्रास वेगळाच होता. एवढी सगळी उडताहेत, आणि त्यात आपलं एक नाही.

जानेवारीत सुनयना चार दिवसांच्या रजेवर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं गॅलरीत मटार सोलत बसले होते. वेणूबाईने पाच किलोची पिशवी मध्ये ओतली होती, कारण पोरगी घरी आली की तिला काय काय खायला घालायचं याला त्या बाईकडे धरबंध नव्हता. सुनयना मुकाट्याने शेंगा सोलत होती. एक शेंग बराच वेळ नुसती बोटांत फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “आबा, आमची तुकडी बंद होतेय.”

“बंद म्हंजे? बदली?”

“बदली नाही, बंद. ही हेलिकॉप्टरं माझ्याहून जुनी आहेत. ती काढून टाकतायत. नवी येतील तेव्हा येतील, तोवर एवढे पायलट ठेवून काय करणार? आम्ही अकरा जण आहोत आणि जागा तीनच. माझी दहा वर्षं मार्चमध्ये भरतात. पुढची चार वाढवून मिळतील असं मी धरून चालले होते. ती नाही मिळाली.”

“काय चूक झाली का तुझी?”

“चूक कुणाचीच नाही. जागाच कमी झाल्या.”

वेणूबाईने हातातली साल खाली टाकली. “मला तर बरं वाटलं बघा,” ती म्हणाली. लपवाछपवी हा तिचा स्वभावच नव्हता. “दहा वर्सं टीवीवर कुटं काय पडल्याची बातमी आली की मी देव पान्यात ठेवायची. आता घरला ये. तासाभराच्या वाटंवर कायतरी काम बघ. तळोज्यात एवढ्या कंपन्या हायेत.”

“तळोज्याला हेलिकॉप्टरं बनत न्हाईत,” कोंडिबा म्हणाला.

“न बनूद्यात.”

सुनयना हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तिच्याकडे बघून कोंडिबाला गलबलून आलं. पोरीची नोकरी गेली हे दुःख तर होतंच, पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिला विचार आला तो स्वतःचाच, आणि त्याची त्याला लाजही वाटली. राहिलं ते राहिलंच, आता बघणं नाही. त्याने मटारात हात घालून उगाचच दाणे खालीवर केले.

“म्हंजे आता तू उडनारच न्हाईस?”

“एक फेरी राहिलीय.”

आणि तिने सांगितलं ते ऐकून कोंडिबा सरळ होऊन बसला. जवळजवळ सगळी हेलिकॉप्टरं उभी करून ठेवली होती, त्यांचे सुटे भाग ट्रकने जाणार होते. एकच चालू हालतीत होतं, ते शोभेसाठी द्यायचं ठरलं होतं. आणि द्यायचं कुठे, तर इथे नवी मुंबईत, सारसोळ्याच्या बाजूला खाडीकाठी नवी बाग होते आहे तिथे. ते ट्रकवर चढणार नव्हतं. विदर्भातल्या तळावरून स्वतःच्या पंखांनी उडत येणार, वाटेत एकदा तेल घेणार, बागेशेजारच्या मैदानात उतरणार आणि मग पुन्हा कधीच सुरू होणार नव्हतं. अकरा फेब्रुवारीला, सकाळी अकराच्या सुमारास.

“चालवनार कोन?”

“दोन जागा आहेत. एक आमच्या तुकडीच्या प्रमुखांची, सीओ सरांची. दुसऱ्या जागेवर कोण, ते मी ठरवायचं. उड्डाणांची यादी मीच करते ना.” तिने हातातली शेंग खाली ठेवली. “मी आणणार आहे, आबा. तुम्ही या बघायला. रिक्षाने वीस मिनिटं.”

दहा वर्षं ज्याच्यासाठी कोंडिबाचा जीव टांगणीला, ते रिक्षाच्या अंतरावर चालून येत होतं. वेणूबाई म्हणाली, “अवो, तोंड मिटा,” तेव्हा त्याला कळलं की ते उघडंच राहिलं होतं.

सुनयना पुन्हा शेंगांकडे वळली. “मागच्या वेळी उतरले तेव्हा मला माहीत नव्हतं की आता लवकर परत वर जायला मिळणार नाही,” ती म्हणाली. “सोमवार होता. दुपारी मीटिंग होती म्हणून घाईत उतरले, सही केली, चालायला लागले. मागे वळून बघितलं पण नाही. निदान एकदा तरी, हे शेवटचं आहे असं माहीत असताना उतरावं, एवढंच वाटतंय. दुसरं काही नको.” मग म्हणाली, “आमच्या तुकडीतली अस्मिता आहे ना, दोन बाळंतपणांत तिचे उड्डाणाचे तास मागे पडले. बाहेरची कंपनी नोकरीला हजार तास मागते, तिचे तीन कमी पडतायत. आणि आता उडायला काही उरलंच नाही.”

“मिळतील की कुठंतरी,” कोंडिबा म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात मैदानावर पोचला होता.

“आबा, तुमच्या टोळीतली माणसं कमी केली होती ना एकदा? तेव्हा तुम्ही काय केलंत?”

इथे कोंडिबाने गप्प बसायला हवं होतं. पण मुकादमकीची गोष्ट कुणी आपणहून विचारली आणि तो गप्प बसला, असं आजवर घडलं नव्हतं. तो मांडी घालून सावरून बसला.

“एकवीस जन हुतो,” तो म्हणाला. “माल परस्पर बाहेर जायाला लागला, बाजारात गाड्या कमी यायला लागल्या. काम उरलं चौदा जनांचं. सात मान्सं दुसरीकडं द्यायची. शेवटच्या दिवशी गाड्या आल्या फक्त तीन. आता टोळीत कसं असतं, रोज सकाळी मुकादम नावं लिवतो. वरच्या नावांला आधी गाडी. गाड्या संपल्या की खालची नावं हात हलवत घरी. ज्याच्या हातात यादी, त्यानं आपलं नाव सगळ्यात खाली लिवायचं. माज्या आधीच्या मुकादमानं मला तसंच शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं.”

“दर वेळी?”

“दर वेळी. न्हाईतर मग यादीला काय अर्थ हाय? आपलं नाव वर लिवलं एकदा, तर दुसऱ्या दिवशी कुनी डोळ्याला डोळा देत न्हाई.”

“आनि आमी रिकामा डबा घासायचा,” वेणूबाई म्हणाली. “अकरा वर्सांत कितींदा रिकामे आलाय, मला इचारा.”

“त्या दिवशी तिन्ही गाड्या जानाऱ्या सातांला दिल्या,” कोंडिबाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. “त्यांनी पोत्यांची शेवटची थप्पी अशी सरळ लावली सांगू, गवंड्यानं वळंबा लावून बघावा. मी बाजूला उभा राहून बघितली. माजं नाव खाली हुतं. माज्या पाठीला त्या दिवशी पोतं लागलं न्हाई, पन मान ताठ हुती.”

सुनयनाने सोललेले दाणे पातेल्यात टाकले. कोंडिबाला वाटलं, गोष्ट चांगली रंगली.

पुढचे तीन आठवडे त्याने कामोठ्यात आणि बाजारात कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. टोळीचा आत्ताचा मुकादम दत्तू, कोंडिबाच्याच हाताखाली तयार झालेला, त्याने टोळीसाठी टेम्पो ठरवला आणि फुलबाजारात मोठ्या हाराची ऑर्डर दिली. कोंडिबा दोनदा स्वतः सारसोळ्याला जाऊन मैदान बघून आला. हेलिकॉप्टर नेमकं कुठे टेकणार, धूळ कुठल्या बाजूला उडणार, लोकांना दोरीच्या अलीकडे किती लांब उभं करणार, हे सगळं त्याने तिथल्या वॉचमनकडून काढून घेतलं. वॉचमन बिचारा नवा होता, त्याला बाग होते आहे एवढंच माहीत होतं. शेवटी कोंडिबानेच त्याला सगळं समजावून सांगितलं. मग पावलं मोजून खाडीच्या बाजूला एक जागा नक्की केली. तिथून चालवणाऱ्याचा चेहरा दिसेल असा त्याचा हिशेब होता.

चष्म्याचा नंबर बदलून घेतला. वेणूबाई म्हणाली, “लगनाला एवढं केलं न्हवतं.” तो म्हणाला, “लगनाला तू पळून जानार न्हवतीस.”

दहा तारखेला दुपारी चारच्या सुमारास दाराची बेल वाजली. कोंडिबा दार उघडायला गेला तो पायजम्याला इस्त्री करता करता. दारात सुनयना उभी होती, जीन्स घातलेली, पायाशी नाव रंगवलेली काळी ट्रंक.

क्षणभर त्याला आनंदच झाला. पोरगी बघितली की आधी तोच व्हायचा. मग त्याच्या ध्यानात आलं, की जी बाई उद्या सकाळी विदर्भातून उडणार आहे ती आज दुपारी कामोठ्यात कशी असेल.

“रद्द झालं?”

“नाही. उद्या येतंय, ठरल्या वेळी.”

कोंडिबाने तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही.

“यादीत कोन?”

“अस्मिता.”

त्याने वळून इस्त्री बंद केली. पायजमा घडी करून ठेवला. पुन्हा उलगडला. मग एकदम बोलला, आणि एवढ्या मोठ्याने, की वेणूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“तुला कुनी सांगितलं हुतं?”

“तुम्हीच.”

“मी टोळीचं सांगितलं. कांद्याच्या गाड्यांचं. एक गाडी गेली तर उद्या दुसरी येती, म्हनून मानूस खाली नाव लिवतो. ह्याच्यानंतर दुसरं येनार हाय का?”

“नाही येणार.”

“मंग?”

“आबा, तिचे तीन तास कमी आहेत. माझे भरलेत. ही फेरी साडेतीन तासांची आहे. मी यादी लिहायला बसले आणि दुसऱ्या जागेवर माझं नाव घातलं. घातलं होतं मी, खोटं नाही सांगत. दोन दिवस राहू दिलं. ती रोज सकाळी बोर्डापाशी येऊन वाचायची आणि काही न बोलता जायची. मग नाही राहवलं.” तिने ट्रंकेची कडी उचलली आणि पुन्हा सोडून दिली. “मला हवं होतं हो. खूप हवं होतं.”

वेणूबाईने पिठाच्याच हातांनी तिला जवळ घेतलं. कोंडिबा तसाच उभा राहिला. त्याला पोरीचा राग येत होता, अस्मिताचा येत होता, तिच्या दोन्ही लेकरांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा. चांगुलपणाच्या गोष्टी ऐटीत सांगताना माणसाला वाटतं, त्या ऐकून लोक नुसते वाहवा म्हणतील. आपल्याच घरात कुणी तसं वागेल आणि त्याची झळ आपल्याच पाठीला बसेल, हे कुणाच्या डोक्यात येतं? आयुष्यात एकदा, फक्त एकदा आपल्या पोरीने आपमतलबी वागावं असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटतं हे कबूल करायची सोय त्यानेच ठेवली नव्हती.

“मी उद्या येत न्हाई,” तो म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री जेवला नाही. वेणूबाईने मटारची उसळ झाकून ठेवली आणि म्हणाली, “पोरगी तुमच्यावर गेली, त्यात तिचा काय दोष?” त्यावर त्याने झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी नऊला सुनयना त्याच्या खोलीच्या दारात आली. “आबा, चला. मला एकटीला नाही बघवणार.”

एवढं म्हटल्यावर कोणता बाप पडून राहील? तो उठला, इस्त्रीचा पायजमा चढवला, टोपी घातली. वेणूबाईचे गुडघे धरले होते, ती घरीच राहिली. दोघं रिक्षात बसले. नेरूळ आलं, सारसोळे गाव मागे पडलं, आणि खाडीचा तो ओला, खारट वास आला.

मैदानावर बरीच गर्दी होती. मांडव, खुर्च्या, शाळेची मुलं, भाषणाला आलेली मंडळी. टेम्पो लागला होता आणि टोळीतले चौदाही जण धुतलेल्या कपड्यांत दोरीपाशी उभे होते. दत्तूच्या खांद्यावर हाराचं पुडकं. कोंडिबाला बघून त्याने हात वर केला, मग त्याच्या मागून येणारी सुनयना त्याला दिसली आणि हात तसाच राहिला.

“ताई, तू हितं?” दत्तू म्हणाला. “मंग वर कोन हाय?”

सुनयना काही बोलायच्या आत कोंडिबा म्हणाला, “पाळी दुसरीची हाय. यादी हिनं केली.”

दत्तू मुकादम होता. त्याने एकदा कोंडिबाकडे बघितलं, एकदा सुनयनाकडे, आणि पुढे एक प्रश्न विचारला नाही. मागच्या पोरांमधून कुणीतरी ‘काय झालं’ म्हणालं, त्याला त्याने हातानेच गप्प केलं. “हार उतरनारीला घालू,” तो म्हणाला. “चालंल ना, ताई?”

“चालेल, दत्तूमामा. तिलाच घाला.”

कोंडिबा तिला घेऊन आपण मोजून ठेवलेल्या जागी गेला, गर्दीपासून जरा बाजूला, खाडीकडे. ऊन चढत होतं, पण पलीकडचा किनारा अजून धुरकट होता. पाणी ओसरलेलं, चिखल चमकत होता. दोघं उभे राहिले. अकरा वाजले. दहा मिनिटं वर झाली. मांडवातल्या स्पीकरवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

“आलं,” सुनयना म्हणाली.

कोंडिबाला काही ऐकू आलं नव्हतं. बऱ्याच वेळाने आला तो आवाज, आधी छातीत आणि मग कानात. धुरक्यातून एक ठिपका निघाला, खाडीवरून खाली खाली येत मोठा झाला. मुलांनी गलका केला. सगळं मैदान माना वर करून बघायला लागलं. नव्या चष्म्यातून कोंडिबाला काच दिसली, काचेमागे दोन डोकी दिसली, आणि त्यातलं एकही आपलं नाही हे इतकं लख्ख दिसलं, की त्याच्याने बघवेना. त्याने मान वळवली आणि पोरीकडे बघितलं.

ती समोर बघत होती. तिचा डावा हात मांडीपाशी, काहीतरी धरून वर उचलल्यासारखा अधांतरी होता. उजवा पोटासमोर, मूठ अर्धवट मिटलेली, अगदी हलकी. चपलांतले पाय मातीत रोवलेले, आणि त्यांच्या टाचा आळीपाळीने दबत होत्या. आधी कोंडिबाला वाटलं, ती थरथरतेय, तिला धरावं. मग त्याला कळलं. उजवी मूठ बोटभर मागे आली आणि तिकडे हेलिकॉप्टरने नाक वर घेतलं. डावा हात जरासा उतरला आणि तिकडे ते खाली यायला लागलं. आधी हिचा हात हलायचा, मग ते हलायचं. खाडीवरून वाऱ्याचा एक झोत आला, शेपटी बाजूला सरकणार तोच तिची टाच दबली होती, आणि शेपटी जागेवर आली.

धूळ उठली. लोकांनी तोंडावर रुमाल धरले, टोप्या सांभाळल्या. तिने डोळे मिटले नाहीत. तिच्या चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. डावा हात हळूहळू खाली जात राहिला, इतका हळू की कोंडिबाने श्वास धरून ठेवला. मैदानावर हेलिकॉप्टर माणसाच्या उंचीवर थांबलं, तेव्हा तो हातही थांबला. थोडा वेळ तसाच थांबला, नको असल्यासारखा. मग तो पार खाली गेला, आणि तिकडे चाकं टेकली.

मैदानात टाळ्या झाल्या. इंजिन बंद झालं, वरची पाती हळू होत होत एकेक मोजता यायला लागली. टोळी हार घेऊन धावली. काचेचं दार उघडून एक ठेंगणी बाई उतरली, तिने मागे वळून हेलिकॉप्टरला हात लावला आणि तशीच उभी राहिली. दत्तूने हार घालायला ती वळायची वाट बघितली.

सुनयनाची उजवी मूठ अजून सुटली नव्हती. ओझं उतरल्यावर पाठ लगेच सरळ होत नाही, हे कोंडिबाला छत्तीस वर्षांचं माहीत होतं. त्याने घाई केली नाही. धुळीने भरलेला चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, आणि मग तिची ती मूठ आपल्या हातात घेतली.

“छान उतरवलं ना अस्मिताने?” ती म्हणाली. तिचे गाल ओले होते. “बघितलंत ना, आबा?”

“मी तिकडं बघितलंच न्हाई,” कोंडिबा म्हणाला.